रिपोर्ट नॉर्मल आले, तरी दुखतंच आहे

मुलीचं पोट चार महिने दुखतंय. रक्त तपासून झालं, लघवी तपासून झाली, सोनोग्राफी झाली आणि सगळं नॉर्मल आलं. अशा वेळी आपल्या घरांत दोनच निष्कर्ष निघतात. एक तर या डॉक्टरला काही कळत नाही, दुसरा बघा. नाहीतर पोरगी सोंग करतेय. तिसरी शक्यता सहसा कुणी बोलून दाखवत नाही. ती अशी: दुखणं पूर्ण खरं आहे, शरीरात सापडेल अशी इजा मात्र नाही, आणि ते दुखणं टिकून राहण्यात तिच्या डोक्यात दिवसभर चालणाऱ्या विचारांचा मोठा हात आहे. ही गोष्ट मुंबईतल्या पालकांना, शिक्षकांना आणि बऱ्याच दवाखान्यांना अजून नीट सांगितलीच गेलेली नाही. त्याची किंमत वयात येणारी मुलं मोजताहेत, शाळा बुडवून आणि स्वतःवरचा विश्वास गमावून.

मी पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत वरच्या वर्गांना शिकवते. डॉक्टर नाही. पण दुखणारी मुलं रोज समोरच्या बाकांवर असतात आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याविषयी काय बोललं जातं तेही कानावर पडतं. ‘पीटीचा तास आला की हिची कंबर धरते.’ ‘चाचणीच्या आदल्या दिवशी बरोबर याचं डोकं दुखतं.’ निरीक्षण चुकीचं नसतं. पीटीच्या तासाला कंबर खरोखरच धरते, चाचणीच्या आदल्या रात्री डोकं खरोखरच ठणकतं. चुकतो तो त्यावरून काढलेला अर्थ. वेळ ठरलेली आहे म्हणजे मूल खोटं बोलतंय, असं आपण धरून चालतो.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणतं. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण पाच मुलांमागे एकाला असं काही ना काही असतं: डोकेदुखी, पोटदुखी, पाठ, कंबर, सांधे. वय वाढतं तसं प्रमाण वाढतं आणि मुलींमध्ये ते जास्त दिसतं. यातली बरीच मुलं कुरकुरत का होईना, आपलं सगळं सांभाळून नेतात. थोड्यांचं मात्र आयुष्यच त्या दुखण्याभोवती फिरायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची नवी रोगसूची, आयसीडी-11, 2022 पासून लागू झाली. तिच्यात अशा वेदनेला पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली. दुसऱ्या कुठल्या आजाराचं लक्षण म्हणून तिच्याकडे पाहायचं नाही, ती स्वतःच एक आजार असू शकते. याचा साधा अर्थ असा की ‘काही निघालं नाही’ म्हणून केसपेपर मिटवता येत नाही. निदान तिथून पुढे करायचं असतं.

आता विचारांकडे येते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मायकेल सुलिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 13 वाक्यांची एक प्रश्नावली तयार केली. दुखत असताना माणसाच्या मनात काय काय येतं, हे ती मोजते. 2003 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी तिचं मुलांसाठीचं रूप तयार केलं. त्यात तीन सवयी पकडल्या जातात. दुखणं सतत घोळवत राहणं: आत्ता वाढलं का, कालच्यापेक्षा जास्त आहे का. त्याचं भलतं मोठं रूप पाहणं: हे साधं नाही, आत काहीतरी भयंकर चाललंय. आणि हात टेकणं: याला इलाजच नाही, माझ्या हातात काही नाही. ज्या मुलांत या सवयी बळावलेल्या असतात त्यांना दुखतंही जास्त, आणि त्यांची शाळा, खेळ, झोप, मैत्री हे सगळंही जास्त बुडतं. दोन मुलींची कंबर सारखीच दुखत असते. एक कण्हत-कुथत वर्गात येते, दुसरी महिनाभर घरी पडून राहते. हा फरक कुठून आला, हे एक्स-रेत सहसा दिसत नाही. तिच्या मनात काय चाललंय ते विचारलं तर पुष्कळदा कळतं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्याकडे आज्या म्हणत आल्या. वैरी शरीरापर्यंत कसा पोचतो, ते विज्ञानानं अलीकडे दाखवलं, एवढंच.

तो पोचतो कसा, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण ‘मनाचं आहे’ हा शेरा तिथेच खोटा पडतो. स्नायूतून किंवा आतड्यातून निघालेला संदेश मज्जारज्जूत येतो, पण तिथून जसाच्या तसा वर जात नाही. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलं की मज्जारज्जूतच हा संदेश अडवणारी किंवा पुढे सोडणारी यंत्रणा आहे आणि तिच्यावर मेंदूचाही ताबा चालतो. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. मेंदूच्या बुंध्यातून खाली उतरणारे मज्जातंतू वेदना दाबूही शकतात, वाढवूही शकतात. भीती, लक्ष आणि ‘आता दुखणार’ ही अपेक्षा यांचा त्या मार्गांवर परिणाम होतो. हे महिनोन्महिने चाललं की चेतासंस्थाच हळवी होऊन बसते. आधी धक्का लागला तर दुखायचं, आता नुसतं टेकून बसलं तरी दुखतं. इथे सोंगाचा संबंधच येत नाही. विचार हीसुद्धा मेंदूतली घडामोडच आहे, आणि तिचे धागे पाठीच्या कण्यापर्यंत जातात.

2007 सालचा एक छोटा प्रयोग मला फार बोलका वाटतो. निरोगी माणसांच्या हाताला उणे 20 अंश तापमानाची धातूची कांडी अर्धा सेकंद टेकवली. त्याच वेळी समोर कधी लाल, कधी निळा दिवा लागायचा. कांडी तीच, थंडपणा तोच. लाल दिवा असताना लोकांना जास्त दुखलं. लाल म्हणजे गरम, गरम म्हणजे इजा, असा अर्थ मेंदूनं परस्पर लावून टाकला होता. अर्ध्या सेकंदाच्या दिव्यानं एवढं होत असेल, तर रात्री बाराला पांघरुणात मोबाईल घेऊन कंबरदुखीची कारणं शोधणाऱ्या 15 वर्षांच्या पोरीला ‘गाठ’, ‘मणक्यातली गॅप’, ‘ऑपरेशन’ हे शब्द काय करत असतील, याचा विचार करा.

आपल्याकडे मुलांच्या पाठदुखीवर जाहीर चर्चा होते ती एकाच गोष्टीची: दप्तराचं ओझं. त्यावर उच्च न्यायालयात याचिका झाली, 2015 मध्ये राज्य सरकारनं आदेश काढला, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं असं ठरलं. दर जूनमध्ये वजनकाटे घेऊन फोटो निघतात. दप्तर हलकं व्हायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. चौथ्या मजल्यावरच्या वर्गात ते रोज चढवून नेणाऱ्या मुलांना मी पाहते. पण 2018 मध्ये या विषयावरचे 69 अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हा दप्तराच्या वजनामुळे पाठदुखी होते याचा पटण्याजोगा पुरावा मिळाला नाही. मुलाला आपलं दप्तर जड वाटतं का, याचा मात्र काही अभ्यासांत पाठदुखीशी संबंध दिसला. मोजता येणाऱ्या ओझ्यासाठी आपण न्यायालयापर्यंत गेलो. मुलाला काय जड वाटतंय, हा प्रश्न अजून शाळेच्या फाटकापर्यंतही आलेला नाही.

आणि हे जड वाटणं मूल एकट्यानं तयार करत नाही. इथे मला घराबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण पालकांना दोष न देता हे सांगणं कठीण असतं आणि म्हणून ते टाळलं जातं.

अमेरिकेतल्या लिन वॉकर आणि सहकाऱ्यांचा 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. वारंवार पोट दुखणारी आणि धडधाकट, अशा दोन्ही प्रकारच्या मुलांना पोट तडस लागेपर्यंत पाणी प्यायला दिलं. मग काही पालकांना सांगितलं, मुलाच्या त्रासाकडे लक्ष द्या, विचारपूस करा. काहींना सांगितलं, विषय बदला, दुसरीकडे रमवा. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. विचारपूस झाली तिथे मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, रमवलं तिथे जवळपास निम्म्यावर आल्या. यातला पुढचा भाग मला जास्त हलवून गेला. पालकांना वाटत होतं की विषय बदलणं मुलाला लागेल, ते दुष्टपणाचं होईल. पोटदुखी असलेल्या मुलांनी मात्र सांगितलं, आईबाबांनी रमवलं तेव्हा बरं वाटलं.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीची आई मला भेटायला आली. साडीच्या दुकानाच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत सगळी फाईल. टेबलावर एकेक कागद तारखेप्रमाणे लावला: सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट, रक्ताचे तीन, एका ठिकाणी लिहून दिलेली ‘पूर्ण विश्रांती’, दुसऱ्या ठिकाणी तोंडी सांगितलेलं ‘काही नाही हो, मनाचं आहे, लक्ष देऊ नका’. मुलगी शेजारी उभी होती. माझ्या टेबलावरचं हस्तकलेचं काम उचलून पाहत होती, अगदी रमली होती. आईनं बोलता बोलता वळून विचारलं, “दुखतंय का गं आता?” तिचा हात पोटाकडे गेला, चेहरा उतरला, आणि ती खुर्चीत बसली. पाच-सात मिनिटांनी पुन्हा तेच. आई माया करत होती. दिवसभर कामावर असायची, त्या प्रश्नाखेरीज लेकीसाठी आणखी काय करावं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर एकटी भेटली तेव्हा मुलगी म्हणाली, “बाई, रिपोर्टमध्ये काहीतरी आलं असतं तर बरं झालं असतं.”

14 वर्षांच्या मुलीला आजार निघावा असं वाटतं, कारण आजार नाही म्हणजे ती खोटी ठरते. या टोकाला तिला आणून सोडलं ते मोठ्या माणसांनी. ‘विश्रांती’ म्हणणाऱ्यानं तिला सांगितलं की हालचाल धोक्याची आहे. ‘मनाचं आहे’ म्हणणाऱ्यानं सांगितलं की तुझ्यावर विश्वास नाही. शेजारच्या काकूंनी आपल्या नात्यातल्या मुलीचं साध्या पोटदुखीतून पुढे काय काय निघालं ते रंगवून सांगितलं. दहा बाय बाराच्या खोलीत हे सगळं सगळ्यांच्या कानांवर पडतं, तिच्याही. घोळवणं, मोठं करून पाहणं, हात टेकणं हे तिनं घरातल्या, दवाखान्यातल्या, चाळीतल्या बोलण्यातून उचललं होतं. मग शाळा बुडते, वह्या अपूर्ण राहतात, मैत्रिणींचा गट पुढे निघून जातो, परतायची धास्ती वाढते, आणि धास्तीनं पोट आणखी दुखतं. हे चक्र मी किती तरी मुलांत पाहिलं आहे. त्यात दहावीचं वर्ष आलं की हजेरीची अट, सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास, पाच तासांची झोप. अपुऱ्या झोपेनं वेदना वाढते, हेही अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे: विचारांच्या नादात खरा आजार सुटला तर? मुंबईत तर हा आक्षेप कधीही हलक्यात घेऊ नये. इथे क्षयरोग घराघरात आहे आणि मणक्याचा टीबी सुरुवातीला साध्या पाठदुखीसारखाच येतो. संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सकाळचा तासभराचा ताठरपणा, शौचातून रक्त, पायातली शक्ती कमी होणं, यातलं काहीही असेल तर तपासण्या ताबडतोब आणि पूर्ण व्हायला हव्यात. पाळीच्या वेदनेचंही तसंच. ‘बायकांच्या जातीला सोसावंच लागतं’ म्हणत दर महिन्याला दोन-तीन दिवस शाळा बुडवणाऱ्या मुलीला आपण गोळीसुद्धा द्यायला घाबरतो. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यायलाच हवं. एंडोमेट्रिओसिससारखे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचे) आजार वर्षानुवर्षं निदानाविना राहतात ते याच सोसण्याच्या कौतुकामुळे.

पण तपासणी आणि विचारांवरचं काम यांत आधी कोण आणि नंतर कोण, असा क्रम लावायचं कारण नाही. सगळ्या तपासण्या संपल्या, आता उरलं ते मन, असं म्हणून मुलाला शेवटी समुपदेशकाकडे पाठवलं की त्याला ती हकालपट्टी वाटते, आणि त्याचं वाटणं बरोबरच असतं. पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी सांगायला हवं: आपण रक्त तपासू, आणि त्याच वेळी दुखणं वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या गोष्टीही शोधू, कारण रिपोर्ट काहीही आला तरी त्या उपयोगी पडतातच. कॅन्सर असो, संधिवात असो, भीती वेदना वाढवतेच.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे. विचारांमुळे दुखणं वाढतं असं म्हणणं म्हणजे मुलालाच जबाबदार धरणं नाही का? वेदना घेऊन जगणाऱ्या अनेकांनी या संशोधनातल्या भाषेवर हीच हरकत घेतली आहे आणि काही संशोधकांनी ती मान्यही केली आहे. शिवाय सतत दुखणाऱ्याच्या मनात काळे विचार येणं साहजिक आहे. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे दोन्ही बाजूंनी खरं असतं. मी हे पूर्ण मान्य करते. म्हणूनच ‘सकारात्मक विचार कर’ असं सांगून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. तो उपदेश मुलाच्या खांद्यावर आणखी एक नापास होण्याची सोय ठेवतो. प्रत्यक्षात उपचार असतो तो कौशल्याचा. दुखायला लागलं की मनात आपोआप कोणतं वाक्य येतं ते ओळखायचं, ते तपासून पाहायचं, श्वास आणि स्नायू सैल करायला शिकायचं, टाळलेल्या हालचाली थोड्या थोड्या करत परत मिळवायच्या, चांगल्या दिवशी अति करून दुसऱ्या दिवशी आडवं व्हायचं टाळायचं. आईवडिलांनीही काही शिकायचं असतं: दर तासाला ‘दुखतंय का’ विचारण्याऐवजी ‘आज वर्गात काय झालं’ विचारणं. यानं सगळी मुलं बरी होतात असं नाही. डोकेदुखीत फायदा जास्त स्पष्ट दिसतो, इतर दुखण्यांत तो मध्यम असतो. पण वर्षभर बदलत्या गोळ्या आणि बदलते डॉक्टर यांपेक्षा हा रस्ता नक्की बरा आहे.

हे काही माझं एकटीचं मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या अखेरीस मुलांच्या जुनाट वेदनेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शारीरिक उपचार, मानसशास्त्रीय उपचार आणि गरजेप्रमाणे औषधं, असे तिन्ही त्यांत शेजारी शेजारी ठेवले आहेत. आपल्याकडे काय आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून शाळाशाळांत पथकं पाठवतो; जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातले अडथळे हे चार गट तो तपासतो. किशोरांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2014 मध्ये सुरू झाला. त्याच्या सहा विषयांत मानसिक आरोग्य आहे, पोषण आहे, व्यसनं आहेत. वेदना स्वतंत्रपणे कुठेच नाही. शाळेत आलेलं पथक दात बघतं, डोळे बघतं, रक्तक्षय बघतं आणि जातं. ‘गेल्या तीन महिन्यांत वारंवार कुठे दुखतं का, त्यामुळे शाळा बुडते का’ हे दोन प्रश्न त्या फॉर्मात वाढवायला किती खर्च येईल?

परळसारखं ठिकाण देशात फारसं नाही. केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालयं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत बालरोग, फिजिओथेरपी आणि मनोविकार, तिन्ही विभाग आहेत. अडचण एवढीच की दुखणाऱ्या मुलाला एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी नव्यानं रांग लावावी लागते आणि दर वेळी आईचा एक रोज बुडतो. आठवड्यातून एक दुपार हे तिघे एका खोलीत बसले आणि मुलाला एकदाच तपासून एकच सल्ला दिला, तर नवी इमारतही लागणार नाही आणि बहुधा नवी पदंही. समुपदेशक कमी आहेत, हे खरं. पण यातलं बरंचसं काम प्रशिक्षित फिजिओ, परिचारिका आणि शाळेतले आम्ही शिक्षक करू शकतो. इतर देशांत मुलांसाठी वेबवरून चालणारे असे कार्यक्रम तयार झाले आणि तपासलेही गेले. मुंबईतल्या मुलांसाठी तसा एखादा मराठीत आणि हिंदीत, मोबाईलवर चालेल असा, महापालिकेनं करून घ्यावा. रात्री बाराला मोबाईल उघडणारी पोरगी तो उघडेलच, निदान तिथे तिला शहाणं काहीतरी वाचायला मिळू दे.

शाळांनीही स्वतःचं पाहायला हवं. आमच्याकडे मूल एक तर हजर असतं, नाहीतर गैरहजर. मधलं काही नसतं. दोन महिने घरी असलेल्या मुलाला आठ तासिकांच्या दिवसात एकदम ढकललं की ते दुसऱ्या दिवशी परत आडवं होतं आणि त्याची खात्री पटते की शाळेनंच दुखतं. पहिला आठवडा तीन तासिका, दुसरा आठवडा पाच, पीटीला बाकावर बसण्याऐवजी मैदानाला एक चक्कर, बुडालेल्या अभ्यासातला फक्त गरजेचा भाग: एवढी सवलत मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात देऊ शकतात. आणि डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, शाळेसाठी चिठ्ठी लिहिताना ‘पूर्ण विश्रांती, 15 दिवस’ लिहू नका. दुखणं खरं आहे हे एका ओळीत लिहा, आणि सोमवारपासून ती काय काय करू शकेल ते त्याखाली लिहा. तशी चिठ्ठी हातात असली की आम्हाला तिच्याशी कसं वागायचं ते कळतं, आणि ती वाचणारी पहिली व्यक्ती बहुतेक वेळा ती मुलगीच असते.